पितळेच्या वाद्याला रबराचं तोंड

सॅक्सोफोन सगळा पितळेचा, पण वाजवणाऱ्याच्या ओठांना सहसा पितळ लागत नाही. वाद्याच्या वाकड्या मानेवर बूच चिकटवलेलं असतं. त्या बुचावर अर्ध्या वितीचा एक पोकळ तुकडा दाबून बसवतात, त्याच्या सपाट बाजूवर बोरूसारख्या गवताची पातळ पत्ती स्क्रूच्या कड्याने आवळतात, आणि वादक तो तुकडा दातांखाली धरून फुंकतो. हा माउथपीस. बहुतेक वेळा तो काळा असतो आणि एबोनाइटचा असतो. शाळेच्या प्रयोगशाळेत लोकरीवर घासून कागदाचे कपटे उचलणारी काळी कांडी ज्यांनी हातात धरली आहे, त्यांनी हा पदार्थ पाहिलेला आहे. भरपूर गंधक घालून, उष्णता देऊन कडक केलेलं ते रबर.

माउथपीस कशाचा घ्यावा? एबोनाइटचा, साध्या प्लॅस्टिकचा, पितळेचा की स्टेनलेस स्टीलचा? जगभरच्या सॅक्सोफोनवाल्यांमध्ये हा वाद कधी संपत नाही. परभणी, जिंतूर, पाथरी, गंगाखेड, सेलू इथल्या बँडमधल्या वादकाला मात्र त्या वादाइतकाच खर्चही दिसतो. लगीनसराईत हाती आलेल्या पैशातून घर, औषधपाणी, मुलांच्या शाळा भागवून जे उरतं त्यातून माउथपीस घ्यायचा आणि मग तो वर्षानुवर्षं चालवायचा. दहा माउथपीस फुंकून पाहून त्यांतला एक निवडावा, अशी सोय जिल्ह्याच्या गावी नसते. कोणा उस्तादाच्या शब्दावर किंवा मोबाइलवरच्या व्हिडिओवर विसंबून पैसे मोजले जातात, आणि मोजलेला पैसा परत येत नाही.

माझं म्हणणं असं आहे. माउथपीसचा आवाज त्याच्या आतल्या पोकळीच्या घडणीवर ठरतो, पदार्थावर जवळजवळ नाहीच. तरीही पदार्थाची निवड ही क्षुल्लक गोष्ट नाही, कारण तो ओठाला, दाताला, उन्हाला, थंडीला, दुरुस्तीला आणि खिशाला लागतो. थंडी सोडली तर या सगळ्याच गोष्टी परभणीत पॅरिस-न्यूयॉर्कपेक्षा कडक आहेत.

पितळी वाद्यं आपल्याकडे छावण्यांच्या वाटेने आली. इंग्रजांच्या पलटणी, संस्थानांचे दरबारी बँड, पोलिसांचे बँड, आणि तिथून बाहेर पडलेल्या वादकांनी शहरोशहरी काढलेले लग्नाचे बँड, असा हा प्रवास ग्रेगरी बूथ या संशोधकाने ‘ब्रास बाजा’ (२००५) या पुस्तकात नोंदवून ठेवला आहे. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. १ मे १९९९ पर्यंत याच जिल्ह्यात असलेलं हिंगोली हे १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिन्जंट फौजेचं ठाणं होतं. फौजेचं वाद्य लग्नाच्या मांडवात आलं तेव्हा मराठवाड्यात ते हाती घेणाऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या सनई-हलगी वाजवणारा मातंग समाज होता, मुसलमान वादकांची घरं होती. पत्तीच्या वाद्याची समज त्यांच्याकडे आधीपासून होती. सनईची पत्ती तर थेट तोंडात घेतात, मध्ये माउथपीस नसतोच. क्लॅरोनेट आणि सॅक्सोफोनबरोबर आलेला हा काळा तुकडा तेवढा नवा होता.

कद्री गोपालनाथ यांचं उदाहरण इथे मला फार जवळचं वाटतं. मंगळूरकडचं नागस्वर वाजवणाऱ्याचं हे घर. म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये मुलाने सॅक्सोफोन ऐकला आणि त्याच वाद्यावर कर्नाटक संगीत वाजवायचा ध्यास घेतला. पुढे २००४ साली पद्मश्री, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये वादन, आणि २०१९ मध्ये निधन होईपर्यंत दक्षिणेत घरोघरी नाव. देवळात पत्तीचं वाद्य वाजवणाऱ्या घरातून सॅक्सोफोनकडे जाणारी वाट इतकी सरळ असू शकते. मराठवाड्यात ती वाट वरातीत अडून राहिली याचं कारण वादकांच्या गुणात शोधू नये. शिकण्याची सोय आणि समाजातला मान या दोन्ही गोष्टी त्यांना मिळाल्या नाहीत. माउथपीससारख्या साध्या वस्तूची नीट माहिती मराठीत नसणं हा त्याच वंचनेचा एक बारीक तुकडा आहे.

आता तो तुकडा मानेवरून काढून उजेडाकडे धरावा आणि मागच्या गोल भोकातून आत पाहावं. आधी बुचावर बसणारी सरळ नळी दिसते. तिच्या पुढे खरी पोकळी. ती कुठे नळीपेक्षा रुंद असते, कुठे मुद्दाम आवळलेली. त्यापुढे आतलं छत टोकाकडे उतरत जातं. काही माउथपीसमध्ये हे छत खोल, खोबणीसारखं असतं. काहींत ते पत्तीच्या अगदी जवळ येतं आणि मध्येच पायरीसारखं तुटतं. बाहेरून पाहिलं तर पत्ती टेकण्याची सपाट बैठक दिसते, तिच्या दोन बाजूंच्या बारीक कडा दिसतात. या कडा टोकाकडे जाताना पत्तीपासून हळूहळू दूर वाकतात आणि टोकाशी फट उरते. अल्टो सॅक्सोफोनवर ही फट साधारण दीड ते अडीच मिलिमीटर, त्याहून मोठ्या टेनर सॅक्सोफोनवर आणखी मोठी.

आवाजाचं बहुतेक सगळं इथे ठरतं. फट मोठी असेल तर आवाज मोठा निघतो, पण दमसास जास्त लागतो आणि पत्ती नरम घ्यावी लागते. फट लहान असेल तर सूर हाताशी राहतो, हळू वाजवता येतं. छत पत्तीच्या जवळ असेल तर स्वरातले वरचे अंश उठावतात, आवाज धारदार होतो, लांब जातो. छत खोल आणि पोकळी मोठी असेल तर आवाज गोल आणि भरीव. कडांचा उतार किती लांबीचा आहे यावर खालचे सूर सहज सुटतात की अडतात ते ठरतं. यात पदार्थ कुठेच आलेला नाही.

मग धातूचा माउथपीस मोठ्याने वाजतो हा समज आला कुठून? त्याला इतिहास आहे. ॲडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने १८४६ साली पॅरिसमध्ये सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं, तेव्हा त्याचे माउथपीस लाकडाचे होते, आतून मोठ्या पोकळीचे. लाकूड ओलाव्याने फुगतं आणि चिरतं. रबर गंधकाने पक्कं करण्याचं चार्ल्स गुडइयरचं पेटंट १८४४ चं, आणि कडक रबराचं त्याच्या भावाचं, नेल्सनचं, १८५१ चं. थुंकीने न फुगणारा, लेथवर लाकडासारखा कातता येणारा हा काळा पदार्थ हळूहळू लाकडाच्या जागी बसला. पुढे विसाव्या शतकात अमेरिकेत नाचाचे बँड मोठे झाले, ट्रम्पेट-ट्रॉम्बोनच्या रांगा वाढल्या, त्यानंतर विजेची गिटार आली. सॅक्सोफोनवाल्याला त्या गजरातून वर यायचं होतं. ऑटो लिंक, बर्ग लार्सन, डुकॉफ या नावांनी धातूचे माउथपीस बाजारात आले. त्यांतल्या अनेकांत पोकळी लहान आणि छत पत्तीच्या जवळ होतं. कानाला धार ऐकू आली, डोळ्याला चकचकीत धातू दिसला, आणि श्रेय धातूला मिळालं.

उलट उदाहरणं त्याच काळात शेजारी उभी होती. बेन वेबस्टर या अमेरिकी टेनर वादकाचा मऊ, श्वासाने भरलेला आवाज ऐकून कोणीही तो रबराचा म्हणेल. तो ऑटो लिंकच्या धातूच्या माउथपीसवर वाजवत असे, ज्याची पोकळी मोठी होती. अल्टो वादक चार्ली पार्कर तर १५ मे १९५३ रोजी टोरोंटोच्या मॅसी हॉलमध्ये प्लॅस्टिकचं अख्खं अल्टो घेऊन उभा राहिला. ग्राफ्टन नावाचं ते वाद्य होतं. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण आजही जाझच्या उत्तम मैफलींत मोजलं जातं, आणि ते ऐकताना प्लॅस्टिक ऐकू येत नाही.

प्रयोगशाळेनेही हा प्रश्न तपासला आहे. अमेरिकेत जॉन बॅकस यांनी १९६४ साली फुंकवाद्यांच्या भिंतींच्या कंपनाचं मोजमाप प्रसिद्ध केलं. हवेच्या स्तंभातून निघणाऱ्या आवाजापुढे भिंतीच्या थरथरीतून निघणारा आवाज नगण्य आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९७१ मध्ये जॉन कोल्टमन यांनी आतून सारख्याच घडणीच्या तीन बासऱ्या केल्या: चांदीची, तांब्याची आणि लाकडाची. ऐकणाऱ्यांना त्या ओळखता आल्या नाहीत. हाताला स्पर्श न होऊ देता वाजवायला दिल्या तेव्हा वाजवणाऱ्यांनाही नाही. हे प्रयोग सॅक्सोफोनच्या माउथपीसवरचे नाहीत, हे खरं. पण माउथपीसच्या भिंती तर बासरीच्या नळीहून जाड असतात, तिथे थरथर आणखी कमी असणार.

वादक मात्र शपथेवर सांगतो की धातूचा माउथपीस त्याला वेगळा ऐकू येतो. तो खोटं बोलत नाही. त्याचे वरचे दात माउथपीसवर टेकलेले असतात. माउथपीसची थरथर दातांतून, जबड्यातून, कवटीच्या हाडातून थेट कानाच्या आत पोहोचते, आणि समोर उभ्या माणसाच्या कानापर्यंत ती कधीच जात नाही. शिवाय धातू मजबूत असल्याने माउथपीस बाहेरून बारीक करता येतो. तोंड कमी उघडावं लागतं, ओठांची पकड बदलते, आणि पकड बदलली की आवाज बदलतो. दातांच्या जागी सायकलच्या ट्यूबचा पातळ तुकडा चिकटवून तोच माउथपीस पुन्हा वाजवून पाहावा. हाडातून येणारा तो झणत्कार बराचसा नाहीसा होतो.

हा ट्यूबचा तुकडा दुसऱ्याही कारणाने महत्त्वाचा आहे. आपल्याकडे तंबाखू-गुटख्याने हिरड्या सैल झालेले, पुढचे दात हलणारे वादक कमी नाहीत. चाळिशीतल्या माणसाचे वरचे दात धातूच्या गुळगुळीत चोचीवर, म्हणजे माउथपीसच्या तोंडात जाणाऱ्या निमुळत्या टोकावर, तीन-तीन तास थरथरत राहिले तर ते दुखतात, आणि ते दुखणं टाळायला तो ओठ जास्त चावतो. खालचा ओठ आतून सोलून निघतो. अशा माणसाला मी धातू घ्यायला कधीच सांगणार नाही.

आता ऊन. मराठवाड्यात दुपारच्या मुहूर्ताचं लग्न म्हणजे दहा-अकराच्या उन्हात परण्या निघतो. नवरदेव घोड्यावर, पुढे बँड, मारुतीच्या पारापर्यंत जायचं आणि परत मांडवात यायचं. एप्रिल-मे महिन्यात परभणीचा पारा ४२-४४ अंशांवर असतो, कधी त्याहीवर. उन्हात दहा मिनिटं स्टँडवर ठेवलेलं वाद्य उचललं की पितळेला हात लावणं कठीण. पितळ एबोनाइटपेक्षा शेकडो पटींनी जास्त वेगाने उष्णता वाहून नेतं. त्यामुळे तितकंच तापलेलं पितळ ओठाला चटका देतं आणि एबोनाइट नुसतं कोमट लागतं. स्टेनलेस स्टील या बाबतीत पितळेपेक्षा पुष्कळ सौम्य, तरी रबरापेक्षा कितीतरी तापट. डिसेंबर-जानेवारीत हेच उलटं होतं. परभणी मराठवाड्यातल्या थंड गावांत मोडते. इथल्या कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा पाच अंशांखाली उतरल्याच्या नोंदी आहेत. प्रजासत्ताक दिनाच्या सकाळी धातूचा माउथपीस ओठ बधिर करतो, आणि श्वासाची वाफ आत गार होऊन पत्तीखाली पाणी गुडगुडतं.

उन्हाचा आणखी एक परिणाम सुरावर होतो, आणि तो कुठल्याही पदार्थाने टळत नाही. २५ अंशांना हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४६ मीटर असतो, ४५ अंशांना सुमारे ३५८. पेटीवर शेजारच्या काळी-पांढरीत सहा टक्क्यांचं अंतर असतं, आणि ही वाढ तीन टक्क्यांहून थोडी अधिक. नळीत वादकाचा श्वास भरलेला असतो म्हणून प्रत्यक्ष फरक याहून कमी पडतो, पण कानाला बोचण्याइतका पडतो. पूर्वी सगळा बँड एकत्रच चढायचा, म्हणून कोणाला कळत नसे. आता ट्रॉलीवर की-बोर्ड असतो, आणि त्याचा सूर उन्हाने हलत नाही. भर दुपारी सॅक्सोफोन की-बोर्डच्या वर जातो आणि मास्तर वादकावर ओरडतो. उपाय बुचावर आहे: माउथपीस दोन-तीन मिलिमीटर बाहेर ओढायचा, थंडीत आत ढकलायचा. त्यासाठी बूच धडधाकट हवं. बूच दबून माउथपीस सैल झाला म्हणून त्यावर कागद गुंडाळून वाजवणाऱ्याला हे जमत नाही, कारण कागद ओला होऊन सरकतो. नवा माउथपीस घेण्याआधी बूच बदलावं. तो खर्च फार थोडा असतो.

एबोनाइटला स्वतःची दुखणी आहेत, तीही सांगायला हवीत. उजेडाने त्यातलं गंधक पृष्ठभागावर येतं. काळा रंग तपकिरी, मग हिरवट होतो, जिभेला कडवट-तिखट चव येते. गरम पाण्याने धुतलं तर हे एका दिवसात होतं. म्हणून साध्या किंवा अगदी कोमट पाण्यानेच धुवावं, आणि आत पांढरा क्षार बसला तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून हलक्या हाताने काढावा. सगळ्यांत मोठा धोका गाडीचा. बँडच्या टेम्पोत, काचेसमोर, बंद दारांआड मे महिन्यात इतकी उष्णता साठते की एबोनाइट किंचित मऊ पडू शकतं. त्यावर पत्ती आवळलेल्या कड्याचा दाब तसाच राहिला तर बैठक वाकते. डोळ्याला काहीच दिसत नाही, पण पत्ती मग नीट टेकत नाही. वाजवून झालं की कडं सैल करावं, पत्ती काढावी, माउथपीस फडक्यात गुंडाळून सावलीतल्या पेटीत ठेवावा. एवढं केलं तर एबोनाइटचा माउथपीस वाजवणाऱ्याच्या मुलापर्यंत टिकतो.

पितळेच्या माउथपीसबद्दल एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. लेथवर सोपं कातलं जावं म्हणून पितळेत बऱ्याचदा थोडं शिसं मिसळलेलं असतं. वर चांदीचा, सोन्याचा किंवा निकेलचा मुलामा असतो तोवर ते झाकलेलं राहतं. जुना, हात बदलत आलेला माउथपीस घेतला आणि चोचीवर, नेमका दात-ओठ टेकतात तिथे, पिवळं पितळ उघडं दिसत असेल, तर तो घेऊ नये. घेतलाच तर पुन्हा मुलामा चढवल्याशिवाय तोंडात घालू नये. निकेलने काहींच्या ओठाला खाज येते, पुरळ उठतं; अशांनी स्टेनलेस स्टील किंवा रबर बघावं. आणि एकच माउथपीस दोघा-तिघांनी वापरायची सवय तर पूर्णच सुटली पाहिजे. २०२० आणि २०२१ ची लगीनसराई बुडाली, लग्नाला आधी ५० आणि मग २५ माणसांची मर्यादा आली, बँडवाल्यांच्या घरी दोन हंगाम चूल कशीबशी पेटली. श्वासातून रोग कसा जातो हे त्या दोन वर्षांनी सगळ्यांना शिकवलं. वाद्य बँडमालकाचं असलं तरी माउथपीस ज्याचा त्याचा स्वतःचा असावा.

दुरुस्तीच्या बाबतीत एबोनाइट सगळ्यांवर मात करतं, आणि माझ्या मते खेड्यापाड्यातल्या वादकासाठी हेच सगळ्यांत मोठं कारण आहे. सॅक्सोफोन चिरकतो, खालचा सा उठत नाही, म्हणून लोक पत्तीला दोष देतात, मग माउथपीसच्या पदार्थाला. दोष पुष्कळदा कडांमध्ये असतो. तो शोधायला लागणारं हत्यार गावातल्या प्रत्येक दुचाकीच्या गॅरेजात आहे: टॅपेट सेट करायचा फिलर गेज. त्याची सगळ्यांत पातळ पट्टी ०.०५ मिलिमीटरची किंवा आसपासची असते. मी हे करून पाहिलं आहे. खिडकीच्या काचेचा सपाट तुकडा टेबलावर ठेवायचा, त्यावर माउथपीसची बैठक पालथी टेकवायची आणि टोकाच्या बाजूने ती पातळ पट्टी काच आणि कडा यांच्यामधून हळूच सरकवायची. ती जिथे अडते तिथे उतार सुरू होतो. पट्टी डावीकडे आणि उजवीकडे एकाच ठिकाणी अडली पाहिजे. डावीकडे पुढे गेली आणि उजवीकडे आधीच थांबली, पट्टी तिरपी दिसली, की समजावं: पत्ती एका कडेवर आधी बंद होते, दुसरीवर उशिरा, आणि मधल्या क्षणात चिरक निघते. स्वस्त माउथपीसमध्ये ही तिरपी पट्टी फार वेळा दिसते.

अशी एक कड उंच असलेला एबोनाइटचा माउथपीस हाताने सुधारता येतो. काचेवर डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडचा हजार नंबरचा वॉटर पेपर पाण्याने ओला करून चिकटवायचा, आणि उंच कडेवर किंचित भार देऊन दोन-तीनदा ओढायचं. मग पुन्हा मोजायचं. कागद ओलाच हवा, कारण कोरडी धूळ छातीत जाते. घाई केली तर फट बिघडते, म्हणून पहिला प्रयोग टाकाऊ माउथपीसवर करावा. झालं की पत्ती ओली करून बसवावी, मागचं भोक तळहाताने बंद करून हवा जोराने आत ओढावी आणि तोंड काढावं. पत्ती क्षणभर चिकटून राहून ‘फट्’ असा आवाज करत सुटली तर बैठक आणि कडा हवाबंद आहेत. प्लॅस्टिकवरही हे घासकाम जमतं. स्टीलवर जमत नाही. तिथे कसलेला कारागीर आणि वेगळी हत्यारं लागतात. मुलामा दिलेल्या पितळेवर केलं तर मुलामाच जातो.

आवाजाच्या मोठेपणाबद्दल थोडं. ऐकणाऱ्यांच्या कानात सॅक्सोफोन बसला आहे तो सिनेमातला, म्हणजे मुख्यतः मनोहारी सिंग यांचा. ‘काश्मीर की कली’ (१९६४) आणि ‘आराधना’ (१९६९) यांतल्या गाण्यांमधला त्यांचा सॅक्सोफोन पन्नास-साठ वर्षं वरातींतून वाजतो आहे. पण तो स्टुडिओतला, बंद खोलीत, माइकजवळ वाजवलेला आवाज आहे. रस्त्यावर भिंती नाहीत, छत नाही, बाजूला ताशे आहेत, आणि पुढच्या चौकात दुसऱ्या वरातीच्या डीजेच्या भिंती उभ्या आहेत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. ती पाळली जात नाही हे सगळ्यांना माहीत आहे. या गदारोळात टिकायचं म्हणून वादक सगळ्यांत मोठ्या फटीचा, पत्तीजवळ छत असलेला धातूचा माउथपीस शोधतो. मला हे बघून वाईट वाटतं. डीजेशी फुंकून लढता येत नाही. दोन हंगामांत ओठ जातो, दम जातो, आणि सुरातला गोडवा तर पहिल्याच महिन्यात जातो. आज बहुतेक बँडच्या ट्रॉलीवर माइक आणि भोंगा आहे. भोंगा मुळातच मधल्या-वरच्या सुरांना ओरडून सांगतो. त्यात धारदार माउथपीस घातला की नुसता कर्कश्शपणा उरतो. माइकवर वाजवायचं असेल तर मध्यम फटीचा, मोकळ्या पोकळीचा माउथपीस जास्त चांगला ऐकू येतो, आणि नवरी निघतानाच्या सुरावटीला जी आर्तता लागते तीही त्यातच येते.

वाद्यांची मोठी पेठ मेरठची. तिथल्या जली कोठी भागात बँडची वाद्यं पिढ्यान्‌पिढ्या बनतात. नादिर अली अँड कंपनी ही पेढी १८८५ पासूनची आहे. परभणीहून सचखंड एक्सप्रेसने दिल्लीला उतरून मेरठ गाठता येतं. मुंबईत धोबी तलावाला परदेशी माल मिळतो. कुठूनही घेतलं तरी काच आणि फिलर गेज सोबत न्यावं. दुकानदार चिडला तर चिडू द्यावा.

शिकणाऱ्या मुलाला मी यामाहाच्या ‘४ सी’सारखा प्लॅस्टिकचा साधा माउथपीस देईन. त्याची फट लहान, घडण एकसारखी, पडला तरी सहज फुटत नाही, आणि किंमत नावाजलेल्या धातूच्या माउथपीसच्या तुलनेत अगदी थोडी. सोबत दोन किंवा अडीच नंबरची पत्ती. दोन हंगाम रोज वाजवून ओठ पक्का झाला की मध्यम फटीचा एबोनाइट घ्यावा, आणि तोच आयुष्यभर वापरला तरी काही अडत नाही. ज्याचे दात मजबूत आहेत, ज्याला बारीक चोच तोंडात बरी वाटते आणि ज्याच्याकडे दुसरा माउथपीस आधीच आहे, त्याने हौसेने स्टील घ्यावं. पत्त्या मात्र एकदम चार आणाव्यात आणि आळीपाळीने वाजवाव्यात. मे महिन्याच्या दुपारी पत्ती अर्ध्या तासात वाळून टोकाशी लाटेसारखी वाकते, तेव्हा दुसरी पाण्यात भिजलेली तयार लागते.